बुडीआधीचा घाम

डिसेंबरातली सकाळ, तारकर्लीचा किनारा. पुण्याहून आलेला तिशीतला एक गडी ओल्या वाळूवरून पाच किलोमीटर धावून येतो, घावन-चटणी खातो आणि दहाच्या होडीसाठी पिशवी भरायला लागतो. शेजारी बसलेला म्हणतो, "अरे, डाईव्हच्या आधी धावतात का कोणी? रक्तात बुडबुडे होतात." तिसरा लगेच सांगतो, "उलट धावूनच जावं. बुडबुडे कमी होतात." या दोघांपैकी कोणीही थापा मारत नसतो. दोघांच्याही बाजूने खरे प्रयोग झालेले आहेत, नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेले आहेत. म्हणूनच या प्रश्नाकडे सावकाश, सगळ्या बाजूंनी पाहायला हवं. आता आपल्याकडचे कितीतरी लोक मालवणला पहिली बुडी मारून पुढे नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीपपर्यंत पोहोचतात आणि दिवसाला तीन-तीन डाईव्ह करतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकातला उरलेला नाही.

आधी मूळ दुखणं समजून घेऊ. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १८ मीटरवर पाणबुड्याच्या अंगावर २.८ वातावरणांचा दाब असतो आणि टाकीतली हवा तोंडाशी पोहोचवणारा रेग्युलेटर त्याला त्याच दाबाची हवा देतो. त्या हवेतला ७८-७९ टक्के नायट्रोजन शरीर वापरत नाही. तो रक्तात विरघळतो, रक्तातून स्नायूंत, चरबीत, मज्जारज्जूत जाऊन बसतो. वर येताना दाब उतरतो आणि हा वायू परत निघायला लागतो. सावकाश निघाला तर फुप्फुसांतून निमूट बाहेर पडतो. घाई झाली तर बुडबुडे होतात. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर बाटलीत जे होतं तेच. सांध्यांत ठणका, अंगावर चट्टे, मुंग्या, क्वचित पाय लुळे पडणं, लघवी अडकणं, अशी या दुखण्याची रूपं आहेत. त्याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. पाणबुडे त्याला 'बेंड्स' म्हणतात.

सोड्याच्या बाटलीचा दाखला एका जागी मात्र अपुरा पडतो, आणि व्यायामाचा सगळा वाद त्याच जागेवर उभा आहे. अगदी शुद्ध द्रवात वायूचा बुडबुडा सुरुवातीपासून तयार व्हायचा तर शंभराहून अधिक वातावरणांचा फरक लागू शकतो. माणसात तो इतक्या थोडक्यात कसा होतो? १९९० साली अमेरिकेत एकेनहॉफ आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना चार मीटरपेक्षाही कमी खोलीच्या दाबात ४८ तास ठेवून वर आणलं, तेव्हा अनेकांच्या शिरांत बुडबुडे ऐकू आले. चार मीटर म्हणजे आपल्या गावच्या विहिरीची खोली. याचा अर्थ शरीरात आधीपासूनच वायूची काही अतिसूक्ष्म बीजं असणार. नायट्रोजन त्या बीजांत शिरतो आणि ती फुगतात. मग खरा प्रश्न असा होतो की व्यायामाने ही बीजं वाढतात की कमी होतात?

पहिलं उत्तर 'वाढतात' असंच होतं, आणि त्यामागचा इतिहास पाणबुड्यांच्याही आधीचा आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुईस इथे मिसिसिपी नदीवर ईड्स यांचा पूल बांधला जात होता. पायाचं काम दाबलेल्या हवेच्या कॅसनमध्ये, म्हणजे नदीच्या तळाशी उतरवलेल्या बंदिस्त खोलीत चाले. पाळी संपली की कामगार दाबातून बाहेर पडून लांबच लांब गोल जिना चढून वर येत. वर पोहोचल्यावर कित्येक जण वाकून जात, काही जागीच कोसळत. तिथले डॉक्टर जामिने स्वतः एकदा खाली जाऊन आल्यावर पक्षाघाताने आडवे झाले होते. पुढे १८७८ साली पॉल बेर यांनी या दुखण्याचं मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत असल्याचं दाखवलं. १९०८ साली हॉल्डेन आणि सहकाऱ्यांनी शेळ्यांवरच्या प्रयोगांतून टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत मांडली. आजच्या डाईव्ह कॉम्प्युटरच्या पोटात तिचेच वंशज चालतात. पण त्या जिन्याची आठवण वैद्यकात टिकून राहिली. दाबातून बाहेर आलेल्या माणसाने श्रम करू नयेत, हा धडा तिथून आला.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न आकाशातून पुढे आला. त्या काळची बरीच विमानं उंचावर गेल्यावर वैमानिकाभोवतीचा दाब राखू शकत नव्हती, त्यामुळे वैमानिकांनाही बेंड्स होत. चेंबरमध्ये उंचीचा दाब निर्माण करून पाहिलं तेव्हा स्वस्थ बसलेल्यांपेक्षा हालचाल करणाऱ्यांना दुखणं कितीतरी जास्त होत होतं. त्याच वर्षांत हार्वी, व्हिटेकर आणि इतरांनी मोठ्या बेडकांवर प्रयोग केले. शांत ठेवलेल्या बेडकांत बुडबुडे जवळजवळ दिसत नव्हते, स्नायू हलवलेल्यांत मात्र ते भरपूर दिसले. स्नायू आणि सांधे हलताना दोन ओले पृष्ठभाग झटक्यात एकमेकांपासून सुटतात, त्यांच्यामध्ये क्षणभर दाब खूप खाली जातो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते. ज्याला हे अवघड वाटेल त्याने बोटं मोडून पाहावीत. सांध्यातून येणारा तो 'कट्' आवाज अशाच पोकळीशी जोडलेला आहे, हे एमआरआयमध्येही दिसलं आहे. आजी 'बोटं मोडू नकोस' म्हणायची तेव्हा तिच्या मनात वेगळी कारणं असत, पण बोटांत घडत होतं ते हेच.

या विचाराला २००२ साली आणखी एक भक्कम आधार मिळाला. डर्व्हे, पॉवेल आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांकडून बैठका काढून घेतल्या आणि त्यांना उंचीच्या दाबात नेलं. कोणाला बैठकांनंतर लगेच, कोणाला तासाभराच्या विश्रांतीनंतर, कोणाला दोन तासांनंतर. लगेच गेलेल्यांत बुडबुडे सर्वांत जास्त होते, आणि जशी विश्रांती वाढली तसे ते उतरत गेले. म्हणजे श्रमाने तयार झालेली बीजं तासा-दोन तासांत विरतात. बैठकांसारखे वजन पेलणारे श्रम डाईव्हला खेटून नकोत, एवढा निष्कर्ष मला यातून पटतो. पण त्याआधीच लोकांत नियम रूढ झाला होता तो फार मोठा होता: डाईव्हच्या आधी आणि नंतर चोवीस तास कडक व्यायाम बंद. आधीच्या चोवीस तासांसाठी इतका पुरावा कधीच नव्हता.

मग ट्रॉन्डहाइमचे उंदीर आले. नॉर्वेतल्या या शहरात उल्रिक विस्लॉफ आणि आल्फ ब्रुबाक यांनी २००१ साली ५२ मादी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना ट्रेडमिलवर दीड-दीड तास धावायला लावलं: आठ मिनिटं जवळजवळ पूर्ण जोरात, दोन मिनिटं हळू, पुन्हा आठ मिनिटं जोरात. काहींना सहा आठवडे, काहींना दोन आठवडे, तर काहींना फक्त एकच दिवस. मग सगळ्यांना ६० मीटर खोलीइतक्या दाबात ४५ मिनिटं ठेवून वर आणलं. न धावलेल्या, तीनशे ग्रॅमहून जड उंदरांच्या हृदयात बुडबुड्यांचा नुसता पूर आला आणि त्यांतले बरेच मेले. धावलेल्यांत बुडबुडे कमी होते आणि जगण्याचं प्रमाण जास्त होतं. सर्वांना चकित केलं ते एका दिवसाच्या गटाने. आदल्या दिवशी एकदाच धावलेला उंदीरही वाचत होता. म्हणजे हे काम आठवड्यांनी कमावलेल्या दमसासाचं नव्हतं. त्या एका धावण्याने शरीरात काहीतरी तात्पुरतं बदलत होतं. पुढच्या अभ्यासात त्यांनी वेळ बदलून पाहिली. वीस तास आधी धावलं तर संरक्षण मिळालं. ४८ तास, दहा तास, पाच तास किंवा अर्धा तास आधी धावलं तर मिळालं नाही.

चोवीस तास व्यायाम करू नका, असं ज्या विषयात सांगितलं जात होतं, तिथे त्याच चोवीस तासांतला व्यायाम औषध ठरत होता. उंदरांचं माणसांत खरं ठरेल का, हे पाहायला क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात जेल्को दुयिच आणि सहकाऱ्यांनी बारा पुरुष पाणबुडे घेतले. तेच बारा जण दोनदा चेंबरमध्ये गेले, १८ मीटरच्या दाबात ८० मिनिटं. एकदा व्यायामाशिवाय, एकदा आदल्या दिवशी ट्रेडमिलवर चाळीस मिनिटं धावून. धावण्याची पद्धत तशीच आलटूनपालटून, तीन मिनिटं कमाल हृदयगतीच्या नव्वद टक्क्यांवर आणि दोन मिनिटं निवांत. २००४ साली आकडे छापले गेले. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.९८ बुडबुडे दिसत होते, व्यायामानंतर ते ०.२२ वर आले. हा फरक मोठा आहे, आणि माणसं तीच असल्यामुळे तो सहज झटकताही येत नाही.

पुढच्याच वर्षी फ्रान्समधून ब्लातो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. सोळा लष्करी पाणबुडे पाऊण तास मध्यम वेगाने धावले, दोन तास थांबले आणि मग चेंबरमध्ये ३० मीटरच्या दाबात अर्धा तास गेले. बुडबुडे त्यांच्यातही कमी झाले. २०११ साली याच फ्रेंच परंपरेतल्या कास्तान्या आणि सहकाऱ्यांनी चेंबर सोडून खऱ्या समुद्रात, ३० मीटरवर, बुडीच्या तोंडावर केलेलं धावणं तपासलं आणि तिथेही फायदाच दिसला. उंदरांत वीस तास, स्प्लिटला चोवीस, फ्रान्समध्ये दोन तास आणि त्याहूनही कमी. वेळ कुठेच जुळत नाही. नंतरच्या काही प्रयोगांत फरक इतका ठळक दिसलाही नाही. तरीही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या साऱ्या मानवी प्रयोगांत धावण्याने बुडबुडे वाढले, असं चित्र उभं राहिलं नाही. तारकर्लीच्या त्या गड्याला इथे निदान दिलासा आहे.

कारणाचा शोध मात्र वळणं घेत राहिला आहे. पहिला संशय नायट्रिक ऑक्साइडवर गेला. धावताना रक्ताचा वेग वाढतो, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर हा वायू जास्त सोडतं आणि अस्तर इतकं गुळगुळीत होतं की वायूची बीजं त्याला चिकटून राहू शकत नाहीत, असा हा विचार. शरीरात नायट्रिक ऑक्साइड देणारं हृदयरोगाचं औषध दिलं तेव्हा उंदरांत बुडबुडे कमी झाले. स्प्लिटच्या गटाने पाणबुड्यांना नायट्रोग्लिसरीन दिलं तेव्हा माणसांतही कमी झाले. इथे उत्तर सापडलं असं वाटत होतं. पण ट्रॉन्डहाइमच्याच लोकांनी उलटी बाजू तपासली. शरीराचं नायट्रिक ऑक्साइड बनवणं औषधाने थांबवलं तेव्हा बैठ्या उंदरांत बुडबुडे वाढले, पण धावलेल्या उंदरांचं संरक्षण मात्र गेलं नाही. म्हणजे आणखी काहीतरी काम करत होतं. कोणी घामाने बदलणाऱ्या रक्तातल्या पाण्याकडे बोट दाखवलं, कोणी शरीराच्या तापण्याकडे आणि त्यानंतर पेशींत तयार होणाऱ्या रक्षक प्रथिनांकडे. फ्रेंच गटाने डाईव्हआधी सॉना देऊन पाहिला, तिथेही बुडबुडे घटले. बेल्जियममधल्या जेर्मोन्प्रे आणि सहकाऱ्यांनी तर पाणबुड्यांना थरथरणाऱ्या गादीवर झोपवलं आणि बुडबुडे त्यानेही कमी झाले. गादीवर पडलेल्या माणसाला ना दम लागतो ना घाम येतो. ती थरथर रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरची बीजं झटकून टाकत असावी, अशी त्यांची मांडणी आहे. मला ती सर्वांत ओळखीची वाटते. धान्य पाखडताना सुपाला दिलेल्या हिसक्याने कोंडा सुटतो, तसंच काहीसं.

आता या सगळ्या आकड्यांवरचा मोठा आक्षेप. माणसांना धावायला लावून केलेल्या या प्रयोगांत मोजले ते बुडबुडे. दुखणं कोणीच मोजलेलं नाही. शिरांतले बुडबुडे छातीवर अल्ट्रासाऊंड ठेवून पाहता येतात, पण भरपूर बुडबुडे असलेले बहुतेक पाणबुडे ठणठणीत घरी जातात. बुडबुडे अजिबात नसतील तर बेंड्सचा धोका फार कमी, एवढं खात्रीने म्हणता येतं. बुडबुडे निम्मे झाले म्हणून धोकाही निम्मा झाला, हे म्हणता येत नाही. बरं, दुखणंच थेट मोजावं, तर ते इतकं विरळ आहे की हाती लागत नाही. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यात हौशी पाणबुड्यांसाठी दर डाईव्हमागे ०.०१ ते ०.०१९ टक्के असा आकडा दिलेला आहे, म्हणजे दहा हजार बुड्यांमागे एक किंवा दोन. व्यायामाने हा धोका निम्मा होतो का, हे सिद्ध करायला हजारो माणसांच्या लाखाच्या घरातल्या बुड्या मोजाव्या लागतील. बारा आणि सोळा जणांच्या प्रयोगांवर ते ओझं टाकणं अन्याय आहे. शिवाय हे बारा आणि सोळा सगळे पुरुष, तंदुरुस्त, बहुतेक लष्करी शिस्तीतले. पन्नाशीच्या, थोडं वजन वाढलेल्या, वर्षातून एकदा अंदमानला जाणाऱ्या बाईंबद्दल हे प्रयोग जवळजवळ काहीच बोलत नाहीत, आणि आपल्या होडीत अशाच बाई आणि असेच काका जास्त असतात.

मला वाटतं, या वादात सर्वांत जास्त गोंधळ 'व्यायाम' या एका शब्दाने केला आहे. डाईव्हच्या घड्याळात श्रम कधी पडतात, यावर त्यांचं काम उलटंसुलटं होतं. तळाशी असताना श्रम केले तर रक्त जोरात धावतं आणि स्नायूंत नायट्रोजन जास्त भरतो. प्रवाहाविरुद्ध फिन्स मारत राहणाऱ्याची बुडी कॉम्प्युटरवर दुसऱ्याइतकीच दिसली तरी शरीरात ती जड पडते. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात तळाशी पाइपलाइनवर काम करणारे व्यावसायिक पाणबुडे हौसेने मासे बघायला उतरत नाहीत, तिथे ते अंगमेहनत करतात. व्यावसायिक बुड्यांतला बेंड्सचा आकडा त्याच 'लॅन्सेट' आढाव्यात ०.०९५ टक्के आहे, हौशी पाणबुड्यांच्या कितीतरी पट. त्यात खोली आणि वेळ यांचा वाटा मोठा आहेच, पण श्रमाचाही आहे.

वर येताना गणित उलटं होतं. कॅनडात यान्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं की डीकम्प्रेशनच्या वेळी व्यायाम केला तर बुडबुडे कमी होतात. रक्ताचा तोच वेग आता नायट्रोजन बाहेर काढायला उपयोगी पडतो. म्हणून वर येताना वाटेत थांबायच्या सेफ्टी स्टॉपवर दोरीला घट्ट लटकून दगडासारखं थांबण्यापेक्षा पाय सावकाश हलते ठेवलेले बरे. हेच तत्त्व अंतराळात वापरलं जातं. अंतराळवीराच्या पोशाखातला दाब आपल्या वातावरणाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो, त्यामुळे स्थानकाबाहेर पडणं म्हणजे एका अर्थी वर येणंच. जुलै २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या क्वेस्ट कक्षातून गर्नहार्ट आणि रायली बाहेर पडले. त्याआधी त्यांनी शुद्ध ऑक्सिजन घेत सायकल मारली होती, नायट्रोजन लवकर धुतला जावा म्हणून.

आणि बुडी संपल्यावर? इथे माझं मत अगदी ठाम आहे. आधीच्या धावण्यावर जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मी तरी नंतरच्या श्रमांवर व्हायला हवी, कारण खरा धोका तिथे जास्त आहे. साधारण चारांतल्या एका माणसाच्या हृदयात उजव्या-डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून एक झडपेसारखी फट राहिलेली असते. एरवी ती मिटलेली असते. पण जड वजन उचलताना आपण श्वास कोंडून कुंथतो तेव्हा उजवीकडचा दाब वाढतो, फट उघडते आणि फुप्फुसात गाळले जायचे ते बुडबुडे सरळ रोहिणीत, तिथून मेंदूकडे जाऊ शकतात. फट नसलेल्यांतही जोराच्या व्यायामात फुप्फुसातल्या आडवाटा उघडतात. २०१३ साली स्प्लिटच्याच मॅडन, दुयिच वगैरेंनी दाखवलं की डाईव्हनंतर व्यायाम करणाऱ्यांत रोहिणीत पोहोचणाऱ्या बुडबुड्यांचं प्रमाण वाढतं. आणि आपल्याकडे बुडी संपली की काय होतं? हेलकावणाऱ्या होडीच्या शिडीवरून टँकसकट चढायचं, मग किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातून टँक खांद्यावर घेऊन वाळू तुडवायची. टँक आणि वेटबेल्ट पाण्यातच उतरवून खलाशाच्या हातात द्यावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

मराठी माणसाबाबत आणखी एक भर घालायला हवी. आपले कितीतरी पाणबुडे गिर्यारोहकही असतात. सकाळी दोन बुड्या आणि संध्याकाळी एखादा किल्ला, हा बेत त्यांना स्वाभाविक वाटतो. मालवणहून आंबोलीमार्गे घरी निघालात तर तासा-दोन तासांत सुमारे ६९० मीटर उंचीवर पोहोचता. विमानप्रवासाचे नियम सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरले जातात, आणि एकापेक्षा जास्त बुड्यांनंतर निदान १८ तास थांबायला सांगतात. मालवणच्या उथळ पाण्यातल्या अर्ध्या तासाच्या पहिल्या बुडीत नायट्रोजन फार भरत नाही, तिथे घाबरायचं कारण नाही. खोल आणि एकामागून एक बुड्या झाल्या असतील तर मात्र घाट आणि गड दोन्ही दुसऱ्या दिवसावर टाकावेत.

नियमित व्यायामाची बाजू मात्र बुडबुड्यांच्या पलीकडची आहे. १९९५ साली ब्रूम आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर तयार केलेल्या डुकरांत मज्जासंस्थेचे बेंड्स कमी झाल्याचं दाखवलं होतं, तेव्हा दमसासाचा फायदा आहेच. पण मनोरंजनासाठी बुडणाऱ्यांच्या ९४७ मृत्यूंचा जो अभ्यास २००८ साली डेनोबल आणि सहकाऱ्यांनी छापला, त्यात ज्यांचं कारण ठरवता आलं त्यांतल्या २६ टक्क्यांत जीवघेणा आघात हृदयाचा होता. पाण्यात उतरल्यावर हृदय बंद पडणं हा बेंड्सपेक्षा कितीतरी जास्त जीवघेणा प्रकार आहे. वर्षभर चालणारा, पोहणारा, जिने चढणारा माणूस सर्वांत आधी त्यापासून वाचतो. सुट्टीच्या आठ दिवस आधी जिममध्ये नाव घालून त्याची भरपाई होत नाही.

तर तारकर्लीच्या त्या गड्याला मी काय सांगेन? आदल्या दिवशी मनसोक्त धाव. सकाळी धावायचंच असेल तर मध्यम वेगाने धाव, डाईव्हच्या दोन तास आधी संपव, आणि घाम गेला तेवढं पाणी पी. पाण्याबाबत फ्रेंच लष्करी पाणबुड्यांवरचा २००९ चा अभ्यास स्पष्ट आहे: तासाभर आधी सव्वा लिटरभर क्षार-साखरेचं पाणी प्यायलेल्यांत बुडबुडे कमी दिसले. आपल्याकडच्या उन्हात कोरड्या अंगाने होडीत बसणं मला धावण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. वजनं उचलायची असतील तर डाईव्हच्या दिवशी नकोत. आणि धावलास म्हणून कॉम्प्युटरवरचं एक मिनिटही जास्तीचं मिळालं असं समजू नकोस. खोली, तळावरचा वेळ आणि वर येण्याचा वेग या तिघांपुढे बाकी साऱ्यांचा हिशेब किरकोळ आहे.

वजनं नकोत, याला आणखी एक अगदी घरगुती कारण आहे. बेंड्सचा ठणका बहुतेकदा खांद्यात किंवा कोपरात येतो. सकाळी डंबेल्स उचलून दुपारी बुडी मारलेल्या माणसाचा खांदा संध्याकाळी दुखायला लागला की तो म्हणतो, जिममुळे असेल. बाम चोळतो आणि झोपतो. त्या रात्री त्याला ऑक्सिजन लावून बेंड्सवर दाबाखाली उपचार करणाऱ्या जवळच्या चेंबरकडे हलवायचे तास निघून जातात. डाईव्ह लॉगमध्ये आपण खोली, वेळ, उरलेली हवा, दिसलेले मासे असं सगळं लिहितो. तिथेच एक ओळ आदल्या चोवीस तासांतल्या श्रमाचीही लिहावी: काय केलं, किती वाजता, कुठला स्नायू दुखत होता. रात्री खांदा दुखला तर चेंबरचा डॉक्टर पहिल्यांदा तीच ओळ विचारेल.